म्येचिस्वाव कार्वोविच: तात्राच्या बर्फातला संगीतकार

पोलंडचं संगीत म्हटलं की शोपँचं नाव येतं आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच थांबते. म्येचिस्वाव कार्वोविचचा (१८७६–१९०९) विषय निघालाच, तर निघतो तो त्याच्या मृत्यूमुळे. ३२व्या वर्षी हिमलोटात गेला, ही गोष्ट इतकी सांगितली गेली की त्याचं संगीत तिच्याखाली दबून गेलं.

जन्म आजच्या बेलारूसमधल्या विश्नेवचा. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता. वॉर्सावर झारची सत्ता होती. वडील यान कार्वोविच कोशकार आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक. मुलगा वॉर्सात स्तानिस्वाव बार्त्सेविचकडे व्हायोलिन शिकला आणि १८९५ मध्ये बर्लिनला गेला, नामवंत व्हायोलिनवादक योसेफ योआखिमचा शिष्य होण्यासाठी. तिथे त्याला घेतलं नाही. मग तो हाइनरिख उर्बानकडे संगीतरचना शिकू लागला. माझ्या मते त्या नकारानेच आपल्याला हा संगीतकार दिला. व्हायोलिन मात्र सुटलं नाही. १९०२चा व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) त्याने बार्त्सेविचलाच अर्पण केला. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा व्हायोलिन गुरूच्या हाती होतं आणि वाद्यवृंदाचं संचालन शिष्याकडे.

वॉर्सा फिलहार्मोनिक ही वाद्यवृंद-संस्था पोलिश संगीतकारांना डावलते, म्हणून तो तिच्या व्यवस्थापनाशी जाहीरपणे भांडला. अखेर झाकोपानेला, आजच्या पोलंडच्या दक्षिणेकडच्या तात्रा पर्वताच्या पायथ्याशी राहायला गेला. त्याच्या सहा सिंफनिक काव्यांपैकी (एखादी कल्पना किंवा गोष्ट वाद्यवृंदातून मांडणाऱ्या रचनांपैकी) ‘चिरंतन गाणी’ (१९०६) हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ओढ, मग प्रेम आणि मृत्यू, आणि शेवटी सगळ्या चराचराचं गाणं, असे त्याचे तीन भाग. शिखरावर एकटा असताना आपण भोवतालच्या अवकाशात विरघळून जातो, असं त्याने लिहून ठेवलंय. तिसऱ्या भागात पितळी वाद्यं उसळतात तेव्हा ते पटतं.

८ फेब्रुवारी १९०९ रोजी तो एकटाच स्कीवरून निघाला, सोबत कॅमेरा. तात्रातल्या मावी कोश्चेलेत्स शिखराच्या उतारावर हिमलोटाने त्याला गाठलं. डोंगरात बचावपथक हवं, असं तो स्वतःच सांगत आला होता. ते पथक त्याच वर्षी उभं राहिलं.

जिथे तो गेला तिथे एक दगड उभा आहे. त्यावर रोमन कवी होरेसची लॅटिन ओळ कोरलीय, ‘मी पुरता मरणार नाही’, आणि सोबत एक स्वस्तिक. तात्रातले डोंगरी लोक घराच्या तुळयांवर हे शुभचिन्ह कोरत. हिटलरने ते नासवण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

‘मुखवट्यांच्या नाचातला प्रसंग’ हे सहावं काव्य अर्धवट राहिलं होतं. ते त्याच्या रचनांचं संचालन करणाऱ्या ग्झेगोश फितेलबेर्गने पूर्ण केलं.