उत्तर सायप्रस: डोंगर, रेघ आणि २००४ चा घोळ

सायप्रस बेटाच्या दुभागलेल्या राजधानीतून, निकोसियातून, उत्तरेला बघितलं की डोंगररांग दिसते, तिच्या एका शिखराला बोटांसारखे सुळके आहेत. ग्रीक त्याला पेंटाडाक्टिलोस म्हणतात, तुर्की बेशपारमाक, अर्थ दोन्हीचा एकच, पाच बोटं. उतारावर मात्र एकाच बाजूचा, उत्तरेतल्या तुर्की सायप्रियटांचा, झेंडा रंगवलाय, एवढा अवाढव्य की दक्षिणेतल्या गच्चीवरूनही दिसतो, आणि रात्री वर लायटिंग. (मुद्दामच, दुसरं काय.) डोंगरापलीकडे किरेनियाची किनारपट्टी, पश्चिमेला मॉर्फूच्या संत्र्यांच्या बागा, पूर्वेला कार्पासचं लांबलचक टोक. हे सगळं मिळून उत्तर सायप्रस, बेटाचा साधारण ३६ टक्के भाग.

हिरवी रेघ, म्हणजे ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर यांच्यामधली रेषा, १९७४ ची नाही बरं का, डिसेंबर १९६३ मध्ये दोन समाजांत दंगली पेटल्यावर एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ओढली. १९७४ मध्ये १५ जुलैला अथेन्सच्या लष्करशहांनी सायप्रसमध्ये सरकारविरुद्ध बंड घडवलं आणि २० जुलैला तुर्की फौजा उतरल्या. तेव्हा निदान १९६० च्या करारातलं हमीदार देशांचं (ब्रिटन, ग्रीस, तुर्की) कलम तरी पुढे करता येत होतं, पण १४ ऑगस्टची तुर्की फौजांची दुसरी चाल, बंड बारगळल्यानंतरची, ती कशात बसवायची ते मला तरी कळलेलं नाही. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र देश जाहीर केला, मान्यता फक्त तुर्कीची. आजही तिथे पत्र पाठवायचं तर पत्त्यात 'मर्सिन १०, तुर्की' लिहावं लागतं.

पण आजचा खरा गुंता २००४ चा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये युरोपियन युनियनने ठरवलं की सायप्रसला घेताना फाळणीवर तोडगा निघणं ही अट नसेल. म्हणजे ग्रीक बाजूला मेंबरशिप पक्की, मग तडजोड कशाला करतील? बेट पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेवर २४ एप्रिल २००४ ला दोन्हीकडे वेगवेगळं मतदान झालं, तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्के हो म्हणाले, ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्के नाही, आणि आठवड्यात, १ मे ला, 'नाही' म्हणणारे युनियनमध्ये गेले नि 'हो' म्हणणारे बाहेर राहिले.

बाहेर म्हणजे तरी काय, तर कागदावर अख्खं बेटच युनियनमध्ये आहे, फक्त उत्तरेत युरोपचे कायदे 'स्थगित' आहेत. या एका शब्दाने केवढा गोंधळ घातलाय! तुर्की सायप्रियट माणूस दक्षिणेचा पासपोर्ट काढून युरोपचा नागरिक होऊ शकतो, पण तो राहतो तिथे युरोपचा कायदा नाही, खिशात युरोऐवजी लिरा, आणि त्याच्या एअरपोर्टवरून निघालेलं विमान आधी तुर्कीत उतरणार मग पुढे जाणार.

त्यानंतर २००८ मध्ये निकोसियातला रेघेवरचा लेद्रा स्ट्रीट उघडला, २०२० मध्ये १९७४ पासून ओस पडलेल्या वरोशाचा बीच उघडला (त्यावरून वेगळाच वाद), आणि २०२१ मध्ये बेटावरच्या चीजला युरोपचं संरक्षित नाव मिळालं. तेही अख्ख्या बेटासाठी एकत्र, हलूमी नि हेलीम, दोन्ही नावांनी.