ओपन फॉन्ट लायसन्स

फॉन्ट कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि पुढे देता यावा यासाठी लिहिलेला परवाना, संक्षेपाने ओएफएल. भाषा आणि लिप्यांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेसाठी व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोलस स्पालिंजर यांनी तो तयार केला. पहिली आवृत्ती २००५ साली आली. आज चालते ती १.१ आवृत्ती २६ फेब्रुवारी २००७ ची. मुक्ता, बलू, मोदक, हिंद, पॉपिन्स, लोहित, नोटो सॅन्स देवनागरी, शोभिका असे मराठी मजकुरासाठी सर्रास वापरले जाणारे अनेक फॉन्ट याच परवान्याखाली आहेत. लग्नपत्रिका, पुस्तक, दुकानाची पाटी, बोधचिन्ह, संकेतस्थळ किंवा मोबाइलचे ॲप यांपैकी कशासाठीही ते वापरायला पैसे पडत नाहीत आणि कोणाला विचारावेही लागत नाही. अटी सुरू होतात त्या फॉन्टची फाइल दुसऱ्याच्या हाती देताना.

वेगळ्या परवान्याची गरज

फॉन्ट म्हणजे नुसती अक्षरचित्रे नव्हेत. त्यात अक्षरांच्या बाह्यरेषा असतात आणि त्या केव्हा, कशा बदलायच्या याचे नियमही असतात. क, हलन्त आणि ष एकापाठोपाठ आले की ‘क्ष’ दाखवायचा, हा असा एक नियम. त्यामुळे फॉन्ट हे सॉफ्टवेअरच, आणि सुरुवातीला लोकांनी त्याला सॉफ्टवेअरचेच परवाने लावले. पण इतर सॉफ्टवेअर आपल्या जागी राहते, तर फॉन्ट कागदपत्रात शिरतो. पीडीएफ बनवली की फॉन्टचा तुकडा तिच्या पोटात जातो. जीपीएल या परवान्याखालचा भाग ज्या कामात मिसळतो ते सगळे काम जीपीएलखालीच वाटावे लागते. मग त्या फॉन्टमध्ये मांडलेली कादंबरीही जीपीएलखाली आली का? असे होऊ नये म्हणून जीपीएलला ‘फॉन्ट अपवाद’ नावाचे कलम जोडण्याची प्रथा पडली. ते जोडायला विसरले की शंका कायम.

ओएफएलने हा प्रश्न मजकुरातच मिटवला. फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याची अट लागू नाही, असे तिथे सरळ लिहिले आहे. दुसरा धागा बिटस्ट्रीम कंपनीच्या व्हेरा या फॉन्टचा. २००३ साली तो खुला करताना कंपनीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: बदल करा, पण आमचे नाव वापरू नका; आणि नुसता फॉन्ट विकू नका. म्हणूनच व्हेराचा विस्तार करणाऱ्यांनी त्याला ‘देजाव्यू’ हे नाव दिले. या दोन्ही गोष्टी थोड्या फरकाने ओएफएलमध्येही आहेत.

लोहित हे या बदलाचे जवळचे उदाहरण. भारतीय लिप्यांसाठीचे हे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली जीपीएलखाली खुले केले आणि २०११ साली ते ओएफएलवर आणले. ही तारीख फॉन्ट बनवणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. लोहितमधली जोडाक्षरे ओएफएलच्या फॉन्टमध्ये घ्यायची असतील तर २०११ नंतरची आवृत्ती घ्यावी. जुन्या जीपीएल फाइलीतून उचललेली अक्षरे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ओएफएलखाली वाटता येत नाहीत, जरी आकार डोळ्यांना सारखेच दिसत असले तरी.

पाच अटी

पहिली: फॉन्ट किंवा त्याचा भाग सुटा विकायचा नाही. सॉफ्टवेअरसोबत मात्र विकता येतो, आणि ते सॉफ्टवेअर कितीही किरकोळ चालते. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने या अटीबद्दल म्हटले आहे की पडद्यावर एक ओळ दाखवणारा छोटासा प्रोग्राम सोबत दिला तरी ती पूर्ण होते, म्हणून ती निरुपद्रवी आहे. फॉन्ट सुधारून देण्याची मजुरी घेण्यावर बंदी नाही.

दुसरी: प्रत्येक प्रतीसोबत कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर गेला पाहिजे. स्वतंत्र मजकूर फाइल चालते. फॉन्टच्या आतल्या माहितीत लिहिलेलेही चालते, फक्त ते वापरणाऱ्याला सहज पाहता यायला हवे. ॲपमध्ये फॉन्ट भरणारे बहुतेक जण इथेच चुकतात. फॉन्टची फाइल ॲपमध्ये जाते, शेजारची परवान्याची फाइल मागे राहते. ‘ॲपविषयी’ या पानावर सगळ्या फॉन्टचे परवाने एकत्र दिले की काम भागते.

तिसरी अट राखीव नावाची, तिच्याविषयी पुढे. चौथीनुसार मूळ कर्त्यांचे नाव बदललेल्या फॉन्टच्या जाहिरातीसाठी वापरता येत नाही, श्रेय देण्यासाठी येते. पाचवी सगळ्यांत वजनदार: फॉन्ट बदललेला असो वा नसो, तो याच परवान्याखाली वाटायचा. पॉपिन्सची देवनागरी घेऊन तिच्या जोडीला कोणी स्वतःची रोमन अक्षरे काढली, तर तो अख्खा फॉन्ट ओएफएलखाली जातो. घरात किंवा कार्यालयात स्वतःपुरता वापरला तर ही अट लागत नाही, कारण वाटप झालेले नसते. मूळ हक्कधारक मात्र या अटीने बांधलेला नाही. तो तोच फॉन्ट वेगळ्या कराराने दुसऱ्याला देऊ शकतो. आधी ओएफएलखाली दिलेल्या प्रती परत घेऊ शकत नाही.

एकही अट मोडली तर परवाना रद्द होतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत चूक सुधारायला मुदत आहे, तशी इथे नाही.

राखीव नाव

फॉन्टचा कर्ता कॉपीराइटच्या ओळीला जोडून एक किंवा अधिक नावे राखून ठेवू शकतो. एसआयएलच्याच अन्नपूर्णा या देवनागरी फॉन्टमध्ये ‘अन्नपूर्णा’ आणि ‘एसआयएल’ ही नावे राखीव आहेत. अशा फॉन्टमध्ये काहीही बदलून तो पुढे द्यायचा असेल तर वापरणाऱ्याला दिसणाऱ्या मुख्य नावात हे शब्द येता कामा नयेत. ‘अन्नपूर्णा मराठी’ हेही चालत नाही. ‘अन्नपूर्णावर आधारित’ असे माहितीपत्रकात लिहिता येते. लेखी परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी.

हेतू चांगला आहे. कोणीतरी अर्धवट बदललेला, रफार चुकीच्या जागी बसणारा फॉन्ट मूळ नावाने फिरू लागला तर शिव्या मूळ कर्त्याला बसतात. पण वेबवर फॉन्ट वापरायला लागल्यापासून ही तरतूद संरक्षणापेक्षा अडचण जास्त करते, हे मान्य करायला हवे. संकेतस्थळ लवकर उघडावे म्हणून फॉन्टमधली नको असलेली अक्षरे काढून टाकतात. परवान्याच्या दृष्टीने तो बदलच. म्हणजे नाव बदलणे आले. पीडीएफमध्ये जाणारा तुकडा दस्तऐवजाच्या सवलतीत बसतो, सर्व्हरवर ठेवलेला तुकडा बसत नाही. गूगल फॉन्ट्सच्या संग्रहात नव्या फॉन्टसाठी राखीव नाव नको, असा नियम आहे तो यामुळेच.

मराठीसाठी फॉन्ट बदलताना

महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयाने देठाचा श आणि पाकळीचा ल ही वळणे प्रमाण ठरवली. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मात्र मुळात हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी वळण येते. जिथे भाषा नोंदवायची सोयच नाही अशा जुन्या सॉफ्टवेअरसाठी मराठी वळण मुळातच बसवून घेणे हा नेहमी लागणारा बदल आहे. ओएफएलखाली तो करायला पूर्ण मोकळीक आहे.

अक्षरे बदलणे त्यातले सोपे काम. नाव बदलण्यात लोक घसरतात. फाइलचे नाव बदलले की झाले, असा समज असतो. पण संगणक फॉन्टला ओळखतो तो आतल्या ‘नेम’ नावाच्या तक्त्यावरून. फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादकात किंवा फॉन्टटूल्स या साधनसंचातल्या टीटीएक्स या प्रोग्रामने फाइल उलगडली की तो क्रमांकानुसार दिसतो. १ वर कुटुंबाचे नाव, ३ वर एकमेव ओळख, ४ वर पूर्ण नाव, ६ वर पोस्टस्क्रिप्ट नाव, म्हणजे छपाईत फॉन्ट ओळखायला वापरले जाणारे नाव. या चारही जागी नवे नाव हवे, आणि १६ क्रमांकाची नोंद असेल तर तिथेही. पोस्टस्क्रिप्ट नावात मोकळी जागा चालत नाही आणि ते ६३ चिन्हांच्या आत लागते. ० वर कॉपीराइट असतो. तिथली जुनी ओळ पुसायची नाही, खाली आपली जोडायची. १३ आणि १४ वर परवाना आणि त्याचा पत्ता असतो. त्यांना हात लावायचा नाही. ७ वर व्यापारचिन्हाची नोंद आढळली तर मूळ नाव राखीव नसले तरी ते वापरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हे अर्धवट सोडले तर काय होते ते डीटीपी करणाऱ्यांना माहीत आहे. नवा फॉन्ट बसवला, फाइल उघडली, तरी श जुनाच. दोन्ही फाइलींचे आतले नाव एकच असल्याने यंत्रणेने जुनी प्रत उचललेली असते. घरच्या संगणकावर ठीक दिसणारे पान छापखान्यात वेगळे निघते, त्यामागेही बऱ्याचदा पोस्टस्क्रिप्ट नावांची हीच टक्कर असते.

त्याच वेळी ‘ओएस/२’ तक्त्यातला एफएसटाइप हा आकडा पाहून घ्यावा. तो ० हवा. २ असेल तर फॉन्ट दस्तऐवजात भरायला मनाई असा त्याचा अर्थ होतो आणि काही सॉफ्टवेअर तो भरायला नकार देतात. परवाना एक सांगतो आणि फाइल दुसरे. काय बदलले, कोणी, केव्हा याची नोंद ‘फॉन्टलॉग’ नावाच्या मजकूर फाइलीत ठेवायची प्रथा आहे. ती सक्तीची नाही, पण पुढच्या माणसाचे दिवस वाचवते.

वेबसाठी अक्षरे कमी करताना देवनागरीत परवान्याखेरीज आणखी एक फटका बसतो. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नसतात. ती फॉन्टमधल्या ‘जीसब’ तक्त्यातून येतात. युनिकोडची यादी पाहून तेवढीच अक्षरे ठेवली आणि हा तक्ता गेला की ‘प्रश्न’ हा शब्द पाय मोडलेल्या अक्षरांचा दिसू लागतो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या यादीत ळ आणि ऱ गळतात. मग ‘दुसऱ्या’ या शब्दात मधेच वेगळ्या फॉन्टचा तुकडा दिसतो किंवा चौकोन. अदृश्य जोडक आणि अदृश्य विभाजक ही दोन न दिसणारी चिन्हेही यादीत ठेवावी लागतात.

शोभिका

परवान्याने प्रत्यक्षात काय घडते याचा नमुना म्हणून शोभिकाकडे पाहता येते. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा मराठीसाठीचा फॉन्ट ओएफएलखाली दिला. रशियातील पॅराटाइप या कंपनीचा पीटी सेरिफ हा रोमन आणि सिरिलिक अक्षरांचा फॉन्टही ओएफएलखाली होता. आयआयटी मुंबईतील विज्ञान आणि वारसा या उपक्रमाने देवनागरी पहिल्यातून आणि रोमन दुसऱ्यातून घेऊन शोभिका घडवला. त्यात देवनागरीची १६०० हून अधिक अक्षरचित्रे, ११०० हून अधिक जोडाक्षरे, वैदिक स्वरचिन्हे आणि संस्कृतच्या रोमन लिप्यंतरासाठी लागणारी अक्षरे आहेत. साधा आणि ठळक असे दोन प्रकार आहेत. मराठी पुस्तकांच्या गरजेतून निघालेला फॉन्ट संस्कृत संहितेच्या कामाला आला, तोही कोणाशी करार न करता. शोभिका अर्थातच ओएफएलखाली आहे.

फुकट आणि खुला

‘फ्री फॉन्ट’ म्हणून मिळणारी प्रत्येक फाइल ओएफएलची नसते. ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेला फॉन्ट पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चालत नाही. विंडोजचे मंगल आणि निर्मला हे फॉन्ट बऱ्याच संगणकांत आधीच असतात, पण त्यांच्या फाइली ॲपमध्ये भरून वाटायचा हक्क त्यामुळे मिळत नाही. शंका आली तर फॉन्टच्या फाइलीवर राइट क्लिक करून तपशिलात कॉपीराइट पाहावा आणि १३ क्रमांकाची नोंद वाचावी. झिपमध्ये परवान्याची फाइल आहे पण आतली नोंद काही वेगळेच सांगते, असे दिसले तर मूळ कर्त्याच्या जागेवरून प्रत पुन्हा उतरवून घ्यावी. मधल्या कोणीतरी चुकीची फाइल चिकटवलेली असू शकते.

परवान्यात एक मोठी सूट आहे, आणि ती बऱ्याच जणांना खटकते. फॉन्ट ज्या मूळ आराखड्यातून बनला ती कामाची फाइल देण्याची सक्ती ओएफएल करत नाही. जीपीएलमध्ये मूळ आज्ञावली देणे बंधनकारक असते. इथे वापरायला तयार असलेली टीटीएफ ही फॉन्टची फाइल दिली तरी परवाना पाळला जातो. तयार फाइलीत अक्षरांच्या रेषा मिळतात, पण रेखाटताना वापरलेले थर आणि सुटसुटीत लिहिलेले जोडाक्षरांचे नियम मिळत नाहीत. हजारभर जोडाक्षरांच्या देवनागरी फॉन्टमध्ये एक वेलांटी सरकवायची झाली तर हा फरक कामाच्या दिवसांत मोजावा लागतो. म्हणून बदल करण्यासाठी फॉन्ट निवडताना परवान्याइतकेच, त्याचा मूळ आराखडा गिटहबसारख्या, मूळ फाइली सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवला आहे का, हेही पाहिले जाते.