रेघ उमटली पाहिजे

भाड्याच्या घरात दीड वर्षाचं मूल असलं की आईबापांचा एक डोळा मुलावर आणि दुसरा भिंतीवर असतो. आम्ही राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला. करार अकरा महिन्यांचा, आणि डिपॉझिट परत देण्याआधी घरमालक भिंती निरखून बघतात हे मागच्या घरात कळलेलं. म्हणून लेकीच्या हाती रंग द्यायचं आम्ही लांबणीवर टाकत होतो. तिने वाट पाहिली नाही. एका दुपारी आमटीत बोट बुडवलं आणि खुर्चीच्या ट्रेवर ओढलं. मग बोटाकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, परत बोटाकडे. आणि पुन्हा आमटीत.

त्या बघण्यातच सगळं आहे. मोठ्यांना वाटतं, मूल काहीतरी ‘काढतंय’. पण या वयात चित्र दूरच असतं. आपण हात हलवला की मागे काहीतरी राहतं, हाच शोध मोठा असतो. 1968 साली जेम्स गिब्सन आणि पॅट्रिशिया योनास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सव्वा ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन प्रकारची लेखणी देऊन पाहिली. एक उमटणारी, दुसरी तशीच पण न उमटणारी. नुसता हात हलवण्याची मजा असती, तर दोन्हींनी सारखंच रेखाटलं असतं. पण न उमटणाऱ्या लेखणीने मुलांचं रेघोट्या मारणं बरंच घटलं.

मी घरी वाळलेलं स्केचपेन देऊन बघितलं. दोन फराटे मारले, कागद बघितला, पेनाचं टोक बघितलं आणि उठून मला आणून दिलं. “शंपं.”

पहिल्या रेघोट्या नेहमी कमानीसारख्या वाकलेल्या का असतात, याचं उत्तर हाताच्या रचनेत आहे. मुलाचा ताबा आधी खांद्यावर येतो, मग कोपरावर, मग मनगटावर आणि सगळ्यात शेवटी बोटांवर. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवतं. खांदा किंवा कोपर ही बिजागरी झाली की टोकाचा खडू कंस काढणारच, पावसात बसच्या काचेवर वायपर काढतो तसा. शिवाय मनगटात जी आठ छोटी हाडं असतात, ती जन्मावेळी निव्वळ कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक भाग असते. ती एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाची पाळी साधारण नऊ ते बारा वर्षांदरम्यान येते. त्यामुळे दोन वर्षांच्या पोराला “पेन्सिल नीट धर” म्हणणं मला जरा क्रूरच वाटतं. तीन बोटांची पकड बहुतेकांना साडेतीन-चारच्या पुढे जमते.

दोन वर्षांच्या सुमाराला मूल आपलं बघून उभी रेघ ओढतं. तिनाच्या आसपास गोल बंद होतो, आणि हा टप्पा दिसतो त्याहून अवघड आहे: निघालो तिथे परत यायचं आणि तिथे थांबायचं. अधिकचं चिन्ह जमायला आणखी वर्षभर लागतं, कारण आधीची रेघ मुद्दाम ओलांडायची असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बालशिक्षिका रोडा केलॉग यांनी मुलांची लाखो चित्रं जमवून रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले होते. नंतरच्या अभ्यासकांना एवढे प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत. मलाही आमच्याकडे दोनच दिसले, येरझारा आणि भोवरे.

साहित्याचं म्हणाल तर जांभळी नाक्यावर जाऊन चोवीस रंगांचा डबा आणायची गरज नाही. तो मी आणला, म्हणून सांगते. तिने सगळे खडू बाहेर काढले, सगळे आत ठेवले, आणि तासभर तेच केलं. दोन जाड मेणखडू पुरतात. तुटून बारीक झालेला तुकडा मात्र लगेच काढून घ्यायचा, तो घशात अडकू शकतो. पाठकोरे कागद फरशीला टेपने चिकटवले की सरकत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, शंख-शिंपले, पानं, खडे असल्या आसपासच्या वस्तूंवर बालवाडी चालवली होती. आपल्याला तर घरात रद्दीही मिळते.

माझा आवडता रंग म्हणजे पाणी. कडाप्प्याच्या फरशीवर ओला ब्रश फिरवला की काळीभोर रेघ उठते. कोरड्या दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड चहूकडे विखुरतो म्हणून तो करडा दिसतो. पाण्याने खाचा भरल्या की विखुरणं कमी होतं, दगड उजेड जास्त शोषतो. मे महिन्यात हे चित्र बघता बघता उडून जातं, जुलैत दमट हवेमुळे बराच वेळ टिकतं. घरमालकांची हरकत कधीच नसते.

हळदीचं तसं नाही. ‘नैसर्गिक रंग’ म्हणून मी हळद कालवून दिली, आणि अर्थातच पाचही बोटं भिंतीवर गेली. घाईने साबणाचं फडकं फिरवलं, तर पिवळे पंजे लालभडक झाले. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, ते रसायनशास्त्र इथे माझ्या हॉलमध्ये घडलं: हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य चुना, साबण असल्या अल्कलीत तांबडं होतं. साध्या पाण्याने पुन्हा पुसल्यावर लाली उतरली, पिवळा डाग राहिला. पण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. पडदा उघडा ठेवला, आणि खिडकीकडचे पंजे हळूहळू फिके होत गेले. कोपऱ्यातला एक अजून आहे. त्याच्यापुढे सध्या कुंडी आहे.

भिंतीवरच्या असल्या खुणांकडे विद्वानांचं लक्ष गेलं तेही पावसामुळे. इटलीतला कला-अभ्यासक कोर्राडो रिच्ची बोलोन्यात पावसापासून आडोसा म्हणून एका कमानीखाली शिरला आणि तिथे मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रं बघत उभा राहिला. 1887 साली त्याने मुलांच्या चित्रांवर पुस्तिकाच छापली. या विषयावरच्या सुरुवातीच्या लिखाणांतलं हे एक. पुढे फ्रान्सचे अभ्यासक लुके यांनी स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून अभ्यासली. त्यांचं एक निरीक्षण आम्हाला रोज पटतं: मूल आधी रेघोट्या मारतं, मग योगायोगाने त्यात काहीतरी दिसतं आणि नाव नंतर मिळतं. म्हणून “काय काढलंस?” हे मी विचारायचं सोडलंय. “केवढं गोल गोल फिरवलंस” म्हणते आणि शेजारी बसते. सांगायचं असलं तर ती सांगतेच.

परवा तिने एक निळा भोवरा काढला, वर बघितलं आणि म्हणाली, “पंका.” संध्याकाळी तोच कागद आजीसमोर धरून म्हणाली, “आजी.” आजींनी चष्मा लावून स्वतःला त्यात शोधलं. मी कागदाच्या मागे तारीख टाकली आणि लिहिलं: सकाळी पंखा, संध्याकाळी आजी.