पाचशे ओहमचा हिरवट थर

वीस वर्षांची पेट्रोल गाडी. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. पण इंजिन तापलं तरी आयडलिंग चढंच राहतं, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज लिटरमागे तीन-चार किलोमीटरने पडलेलं असतं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा मात्र नाही. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलतात, मग इंजेक्टर साफ होतात, मग ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असं निदान होऊन काही हजार रुपये जातात. वास तसाच. दोष बसलेला असतो कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या, कपलरमध्ये (वायरीच्या जोडात), टर्मिनलवरच्या हिरवट थरात.

एवढासा थर एवढा गोंधळ कसा घालतो? हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा एक तुकडा, थर्मिस्टर. २० अंश सेल्सिअसला त्याचा रोध साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना जेमतेम तीनशे. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, आतून एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडले ते वाचतो. आतला रोध २२०० ओहम धरला, तर ८० अंशांच्या इंजिनाला ईसीयू ०.६ व्होल्ट वाचेल. आता कपलरमधल्या गंजाचे ५०० ओहम यात मिळवा. ईसीयूला ३०० ऐवजी ८०० ओहम दिसतात, व्होल्टेज १.३३ होतं. थर्मिस्टरच्या तक्त्यात ८०० ओहम म्हणजे जवळपास ५० अंश. ईसीयूच्या लेखी इंजिन अजून तापायचंच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल ओतत राहतो. ज्या गाड्यांत रेडिएटरचा फॅन ईसीयूच्या हुकमावर चालतो, तिथे फॅनही लागत नाही आणि घाटात काटा लाल पट्टीकडे सरकतो.

गंमत म्हणजे हाच दोष सकाळी दिसत नाही. थंड इंजिनात सेन्सरचाच रोध दोन-अडीच हजार असतो, त्यात पाचशे मिळवले तरी चूक पाच-सहा अंशांचीच पडते. गरम झाल्यावर तीच चूक तीस अंशांची होते. ‘रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं सारखी दिसली की सेन्सर ठीक’ ही चाचणी चांगली आहे, पण अर्धीच. दुसरी अर्धी गरम इंजिनावर करायची असते.

आणि दिवा का लागत नाही? ईसीयू दोषाचा कोड टाकतो तो वाचन अशक्य वाटलं तर. ५० अंश अशक्य नाही, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. वायर पूर्ण तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, वाचन उणे ४० अंशांवर जातं आणि पी-०११८ हा कोड येतो. वायर सोलवटून बॉडीला चिकटली तर व्होल्टेज शून्याजवळ जातं आणि पी-०११७ येतो. यातला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे: एक कोड तुटलेली वायर शोधायला सांगतो, दुसरा घासलेली. दोन्हींपैकी एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं म्हणत नाही. ते वाचणाऱ्याच्या मनाचं असतं.

दोन पिनांच्या तापमान सेन्सरवर दोन मिनिटांची एक परीक्षा होते. स्कॅनर, म्हणजे ईसीयूची वाचनं आणि कोड दाखवणारं यंत्र, लावून लाइव्ह डेटा उघडा. कपलर काढा: वाचन उणे ४० च्या आसपास जायला हवं. कपलरच्या दोन्ही टर्मिनलांत वायरचा छोटा तुकडा घालून ती जोडा: वाचन तक्त्याच्या वरच्या टोकाला, १३०-१४० अंशांकडे उडी मारेल. दोन्ही वेळा असं झालं तर वायर आणि ईसीयू दोन्ही शाबूत, संशय सेन्सरवर. नाही झालं तर नवा सेन्सर आणूनही उपयोग नाही. ही जोडाजोडी फक्त दोन पिनांच्या तापमान सेन्सरवर करायची, तीन पिनांच्या कपलरमध्ये नाही.

मात्र अर्धवट गंज या परीक्षेलाही चकवू शकतो. त्याला पकडायचं तर कपलर जोडलेला ठेवून, गरम इंजिनावर, वायरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं. एक प्रोब कपलरमागच्या टर्मिनलवर, दुसरा सेन्सरच्या पिनवर. मधे फक्त एक जोड आहे, म्हणजे शून्याच्या जवळ वाचन हवं. वरच्या उदाहरणात ते ०.८३ व्होल्ट येईल. सेन्सरवर अर्धा व्होल्ट आणि जोडावर त्याहून जास्त. मग वाद उरत नाही.

यात एक भौतिकशास्त्राची गोष्ट दडलेली आहे, आणि जुन्या गाडीचं वायरिंग तपासणाऱ्याने ती एकदा नीट समजून घ्यावी. सेन्सरच्या वायरमधून वाहणारा प्रवाह एक-दोन मिलिॲम्पियरचा. तिथे अर्ध्या ओहमचा दोष कुणाच्या गणतीत नाही, शंभर ओहमचा आहे. पेट्रोल पंपाच्या वायरमधून ५ ॲम्पियर जातात. तिथे ०.३ ओहमचा सैल जोडही दीड व्होल्ट खातो आणि पंपाचं प्रेशर पडतं. सेल्फ मारताना अर्थच्या पट्टीतून, म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या पट्टीतून, शंभर-सव्वाशे ॲम्पियर जातात, तिथे ओहमचा हजारावा भागही मोजावा लागतो. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम. म्हणून ‘बीप वाजला, वायर चांगली आहे’ हे वाक्य पंपाच्या आणि अर्थच्या बाबतीत निरर्थक आहे. तिथे रोध मोजायचा नाही, प्रवाह चालू ठेवून पडलेलं व्होल्टेज मोजायचं.

अर्थची तपासणी अशी. पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर. लाल प्रोब इंजिनाच्या स्वच्छ बोल्टवर. कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढून दोन्ही टोकांचा रंग-गंज खरवडून चकाकी येईपर्यंत साफ करायची. मग फ्यूज परत लावून इंजिन सुरू ठेवा, हेडलाइट आणि फॅन चालू करा, इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको. पट्टी तुटलीच असेल तर सेल्फचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट पुष्कळदा ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल असते. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, तर आणखी काही तपासायची गरज नाही.

अर्थ बिघडला की बळी जातो ऑक्सिजन सेन्सरचा. तो सायलेन्सरच्या धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखून ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान खालीवर होत असतो; व्होल्टेज कमी म्हणजे पेट्रोल कमी. जुन्या एका वायरच्या सेन्सरला परतीची वाट सायलेन्सर आणि इंजिनाच्या लोखंडातूनच असते. ईसीयूचा अर्थ इंजिनापेक्षा ०.३ व्होल्टने वर चढला, तर सेन्सरचे ०.६ व्होल्ट ईसीयूला ०.३ दिसतात. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी देतो. नवा सेन्सरही तेच दाखवेल.

पण या सगळ्याच्या आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हे जमत नसेल तर पुढची कुठलीही मोजणी खोटी. त्यानंतर फक्त चावी ऑन करा आणि बघा, ऐका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज आला पाहिजे. दिवाच लागत नसेल तर बहुधा ईसीयूला सप्लाय नाही: फ्यूज, मेन रिले, अर्थ, याच क्रमाने.

सुरू न होणाऱ्या गाडीत पुढचा प्रश्न क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. १५०-२५० दिसले तर हा सेन्सर आणि त्याची वायर काम करतेय, दुसरीकडे शोधा. शून्य दिसला तर इथेच थांबा. दोन वायरचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. दातेरी चक्र समोरून फिरलं की तारेत एसी व्होल्टेज तयार होतं, आणि ते वेग व मधलं अंतर यांवर अवलंबून असतं. म्हणूनच मेलेल्या बॅटरीवर सेल्फ रेंगाळला की चांगल्या सेन्सरचाही सिग्नल तोकडा पडतो. या तारेचा ठरलेला आजार म्हणजे गरम झाल्यावर तुटणं. गाडी ट्रॅफिकमध्ये अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. थंड सेन्सरचा रोध मोजून काही कळत नाही. बंद पडल्या पडल्या मोजायचा, किंवा हेअर ड्रायरने तापवत मीटरकडे बघायचं. पाचशे-हजार ओहम दाखवणारा मीटर एकदम तार तुटल्यासारखं वाचन दाखवू लागला की दोष सापडला.

तीन वायरच्या सेन्सरांना, म्हणजे थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप किती उघडली ते सांगणारा) आणि मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), ईसीयूकडून ५ व्होल्टची सामाईक वायर असते. एका सेन्सरने ती अर्थला ओढली की सगळेच एकदम ‘खराब’ होतात आणि स्कॅनरवर चार-पाच कोड ओळीने येतात. घाबरून चार सेन्सर आणू नका. एकेक कपलर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार. कुणालाही काढून आले नाहीत, तर वायर कुठेतरी घासलेली आहे. मॅप सेन्सरची साधी परीक्षा तर हवामानच घेतं: चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने तिथला हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. आयडलिंगला तो ३०-४० वर उतरतो.

वायर बिघडते कुठे, याला आपल्याकडे ठरलेल्या जागा आहेत. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला आलेले उंदीर. त्यांचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून कुरतडणं भाग असतं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा, जी तांब्याला हिरवा गंज चढवते; तिची ओल केशाकर्षणाने वायरच्या कातडीखाली आत शिरते. आणि तिसरं, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: नंतर बसवलेलं सीएनजी किट. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून त्या एम्युलेटरमधून, म्हणजे गॅसवर असताना इंजेक्टर बंद ठेवून ईसीयूला ते चालू भासवणाऱ्या डबीतून, फिरवतात. टायमिंग ॲडव्हान्सर असेल तर क्रँक सेन्सरची वायरही कापलेली असते, कारण गॅस सावकाश जळतो आणि ठिणगी लवकर हवी असते. हे जोड पिळून काळी टेप गुंडाळून केलेले असतील, तर पाच पावसाळ्यांनंतर टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. किट असलेल्या गाडीत कुठलाही सेन्सर संशयित ठरवण्याआधी हे जोड उघडून बघावेत.

दुरुस्तीत घाई नको. हिरवी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा. नीट दाबलेला क्रिंप (वायरींवर आवळलेली धातूची नळी) आणि त्याच्यावर, आतल्या बाजूने डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), हा जोड इंजिनाजवळ सोल्डरपेक्षा टिकतो. सोल्डर वायरमध्ये झिरपून तिला ताठ करतो आणि ती बरोबर त्या ताठपणाच्या कडेला हादऱ्यांनी तुटते. टर्मिनल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पॉलिश पेपरने घासू नका, कल्हईचा थर निघून जातो. मोजताना वायरच्या कातडीत टाचणी टोचू नका. पाण्याला तेवढं भोक पुरतं.

आणि कार्बोरेटरच्या काळातल्या दोन सवयी सोडाव्यात. एक, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासणं. त्या क्षणी व्होल्टेजचा जो झटका बसतो त्याने ईसीयू जाऊ शकतो. दुसरी, टेस्ट लॅम्पने ईसीयूच्या वायरी चाचपणं. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन ॲम्पियर ओढतो. सेन्सरची वायर दोन मिलिॲम्पियरची आहे.