मॉडेल जेटचे फ्लॅप: आधी ब्रेक, मग पंख

मोठ्या मापाच्या मॉडेल जेटला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग, कशाला हवेत, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळावी म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. टर्बाइनवर उडणाऱ्या मॉडेलांना फ्लॅप लागू लागले त्याचं मोठं कारण म्हणजे ही विमानं उतरताना वेग सोडेनात, आणि धावपट्टी संपली तरी तरंगतच राहायची. गंमत अशी की खऱ्या विमानांवर फ्लॅप रुळले तेही बऱ्याच अंशी याच तक्रारीमुळे, आणि तेही जवळपास साठ वर्षं आधी.

पंखाची मागची कड खाली वळवून उचल वाढवायची कल्पना पहिल्या महायुद्धातली. फेअरी कंपनीच्या १९१७ च्या हँबल बेबी या विमानावर अशी व्यवस्था होती. पण त्या काळच्या दुपंखी विमानांना तिची फारशी गरजच नव्हती. तारा, खांब, उघडी चाकं यांचा हवेला इतका अडथळा व्हायचा की इंजिन मंद केलं की विमान आपोआप खाली यायचं. ऑर्व्हिल राइट आणि जेम्स जेकब्स यांना स्प्लिट फ्लॅपचं पेटंट १९२४ मध्ये मिळालं, तरी त्याचे दिवस यायला आणखी जवळजवळ दहा वर्षं जावी लागली. डग्लस डीसी-१ आणि नॉर्थ्रॉप गामा यांसारखी धातूची, गुळगुळीत, एकपंखी विमानं आली आणि मग मात्र वैमानिकांना उतरताना काहीतरी धरून ठेवणारं हवं झालं. स्प्लिट फ्लॅपमध्ये पंखाचा वरचा पृष्ठभाग जागच्या जागी राहतो आणि फक्त खालचा पत्रा बिजागरीवर खाली उघडतो. उचल थोडी वाढते, अडथळा मात्र दणदणीत वाढतो. स्पिटफायरवर तर मधली अवस्थाच नव्हती. एक तर बंद, नाहीतर थेट ८५ अंश खाली. उड्डाण घेताना त्याचा उपयोग शून्य. तो ब्रेकच होता.

दुसरी वाट हार्लन फाउलर या अमेरिकन अभियंत्याची. १९२४ च्या सुमारास त्याने मांडलेला फ्लॅप नुसता वळत नाही. टेबलाचा खण ओढावा तसा तो आधी मागे सरकतो आणि मग खाली झुकतो. त्यामुळे पंखाचं क्षेत्रफळच वाढतं, आणि पंख व फ्लॅप यांच्यात एक अरुंद फट उघडते. बरीच वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याने प्रयोग चालू ठेवले. १९३२ मध्ये नाका (NACA) या अमेरिकन सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या वातबोगद्यात फ्रेड वाइकच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्यावर चित्र पालटलं. १९३७ च्या लॉकहीड १४ या प्रवासी विमानावर हा फ्लॅप नियमित उत्पादनात आला. पुढे बोइंगने तो टोकाला नेला. १९६३ मध्ये उडालेल्या ७२७ ला न्यू यॉर्कच्या ला ग्वार्डियाच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या धावपट्टीवर उतरायचं होतं, म्हणून त्याच्या पंखाला तीन फटींचे फ्लॅप बसवले. एअर इंडियाच्या ७४७ मध्ये पंखाच्या मागच्या खिडकीत बसून सहारला उतरलेल्यांनी हेच दृश्य पाहिलेलं असेल: पंख मागून उलगडत जातो आणि फटींतून खालची घरं दिसू लागतात.

फटीतून जोरात आलेली हवा थकलेल्या प्रवाहाला नवा जोम देते, हे स्पष्टीकरण तेव्हाही दिलं जायचं आणि आजही मॉडेल क्लबांमध्ये ठोकून दिलं जातं. अमेरिकन वायुगतिशास्त्रज्ञ ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ मध्ये ते बऱ्यापैकी मोडीत काढलं. पुढच्या तुकड्याभोवतीच्या प्रवाहामुळे मागच्या तुकड्याच्या नाकावरचा दाबाचा टोकदार खड्डा उथळ होतो, आणि प्रत्येक तुकडा स्वतःचा ताजा सीमास्तर (पृष्ठभागाला चिकटून मंदावलेला हवेचा थर) घेऊन सुरुवात करतो, असं त्यांचं म्हणणं. मॉडेल बांधणाऱ्याला हा वाद निव्वळ विद्वानांचा वाटेल, पण पुढे फटीचं माप ठरवताना तो आडवा येतोच.

आता मॉडेलांकडे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुड बंधूंनी अमेरिकेत रेडिओवर विमान उडवलं तेव्हा सुकाणू हललं हेच खूप होतं. नंतरच्या रीड पद्धतीच्या सेटवरही एकेका हालचालीला एकेक चॅनेल खर्ची पडायचं. तिथे फ्लॅप म्हणजे निव्वळ चैन. १९६० च्या दशकात प्रपोर्शनल रेडिओ आले आणि दांडी जितकी हलवाल तितकाच सर्व्हो (पंखाचे भाग हलवणारी छोटी मोटर) हलू लागला, तेव्हा दार उघडलं. नंतरच्या डक्टेड फॅनच्या जमान्यात पिस्टन इंजिनाने नळीतला पंखा फिरवून जेटचा आभास निर्माण केला जायचा. अमेरिकेतल्या बॉब व्हायोलेट यांच्यासारख्या मॉडेल बांधणाऱ्यांनी ती कला फार वर नेली. मात्र या मॉडेलांना जोर बेताचा असायचा, वजनाचा ग्रॅम-ग्रॅम मोजावा लागायचा, आणि फ्लॅप म्हणजे मागच्या कडेची साधी बिजागरीची पट्टी एवढंच बहुतेकांना परवडायचं.

टर्बाइनने सगळा हिशोब बदलला. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये टर्बाइनवर रेडिओ कंट्रोल मॉडेल उडालं. जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी त्या दशकाच्या अखेरीस घरगुती अवजारांनी करता येईल असं इंजिन दाखवलं, आणि त्याचं कॉम्प्रेसर चाक चक्क प्लायवूडचं होतं, कार्बन धाग्यांनी आवळलेलं. १९९० च्या दशकात तयार इंजिनं बाजारात आली. जोराची चणचण संपली आणि नवीनच दुखणं सुरू झालं. प्रोपेलर इंजिन मंद केलं की गरगरता पंखाच ब्रेकचं काम करतो. टर्बाइन मंद केलं तरी ते मिनिटाला तीसेक हजार फेऱ्यांवर चालूच असतं आणि अर्धा-पाऊण किलोचा धक्का देत राहतं.

हा धक्का किरकोळ वाटतो, पण आकडे मांडून पाहा. १५ किलोचं मॉडेल, इंजिन बंद असताना १ मीटर खाली येताना ८ मीटर पुढे जाणारं धरू. म्हणजे हवेचा अडथळा साधारण १.९ किलो. त्यातले ०.७ किलो इंजिनच फेडतंय. उरला १.२, आणि तेच विमान आता १ मीटरमागे १२-१३ मीटर पुढे जाणार. शंभर-दीडशे मीटरच्या पट्टीवर हे कसं उतरवायचं? शिवाय फेरी चुकली म्हणून पुन्हा जोर द्यावा तर टर्बाइन गती घ्यायला काही सेकंद खातं. उपाय एकच: अडथळा इतका वाढवायचा की उतरतानाही इंजिन थोडं वर चढवून ठेवावं लागेल. म्हणजे पुन्हा १९३३ चाच प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर.

साधी बिजागरी आणि स्प्लिट फ्लॅप यांवर गाडी थांबली नाही, याला कारण मूळ विमानाशी इमान. बीएई हॉकचं उदाहरण घ्या. आपल्याला हे विमान सूर्यकिरण पथकामुळे ओळखीचं. मॉडेलवाल्यांचं ते जगभर लाडकं. त्याच्या फ्लॅपला दोन फटी असतात आणि तो पंखाखाली लोंबणाऱ्या टेकूभोवती फिरतो, म्हणून उघडताना कंस घेत मागेही जातो. हा टेकू कुठे ठेवायचा हे काढायला नववीची भूमिती पुरते. पंखाचा छेद कागदावर काढायचा. फ्लॅप बंद आणि पूर्ण उघडा अशा दोन्ही जागी रेखाटायचा. फ्लॅपचं नाक आणि शेपूट, दोन्हींच्या जुन्या-नव्या जागा रेषेने जोडायच्या आणि त्या दोन रेषांचे लंबदुभाजक काढायचे. ते छेदतात तो बिंदू म्हणजे टेकू. मेख अशी की ४० अंशांत नाक ६ सेंटिमीटर हलवायचं असेल तर टेकू त्यापासून जवळजवळ ९ सेंटिमीटर दूर जातो. सव्वादोन मीटर पंखांच्या हॉकला हे झेपत नाही. ३ सेंटिमीटरवर समाधान मानलं तर साडेचार सेंटिमीटरमध्ये भागतं, आणि पंखाखालच्या निमुळत्या फेअरिंगमध्ये, म्हणजे आवरणात, ते लपवता येतं.

हॉकच्या फ्लॅपमागे आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत चाकं वर आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना फ्लॅपवरून खाली लोटलेल्या हवेने शेपटीचा पंखच निकामी व्हायचा आणि नाक अचानक खाली जायचं. फ्लॅपच्या पुढच्या पातळ पट्टीचा बाहेरचा भाग कापून हे सावरलं. मूळ विमानाशी काटेकोर राहून बांधणाऱ्यांनी ही कापलेली पट्टी जशीच्या तशी ठेवावी. ती सुबक दिसत नाही म्हणून लांबवू नये.

खरा फाउलर हवा असेल तर टेकू पुरत नाही, ट्रॅक लागतो. दोन मिलिमीटर जाडीच्या ग्लास-एपॉक्सी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीत दोन खाचा कापतात आणि फ्लॅपला जोडलेल्या दोन खिळ्यांवर बारीक बॉल बेअरिंग बसवून ती त्या खाचांत फिरवतात. पुढची खाच जवळजवळ सरळ, मागची शेवटी खाली वळलेली. त्यामुळे फ्लॅप आधी सरकतो आणि अखेरच्या टप्प्यातच झुकतो. एका फ्लॅपला असे दोन ट्रॅक लागतात, आणि ते एकमेकांना काटेकोर समांतर नसले तर फ्लॅप तिरका होऊन अडकतो. निमुळत्या, मागे झुकलेल्या पंखात समांतर कशाला म्हणायचं हाच मोठा प्रश्न असतो. ट्रॅक रिबच्या (पंखाच्या आतल्या आडव्या फासळीच्या) दिशेत नव्हे, फ्लॅपच्या प्रवासाच्या दिशेत लावायचे, आणि दोन्ही एकाच दिशेत. फटीचं मापही सरळ लहान करून चालत नाही. पंखाची रुंदी ४० सेंटिमीटर असेल तर सव्वा टक्क्याच्या हिशोबाने फट ५ मिलिमीटर येते, पण मॉडेलवर सीमास्तर तुलनेने जाड असतो. दोन जाड स्तर एकमेकांत मिसळले की फट असून नसल्यासारखी. म्हणून थोडी सैल ठेवलेलीच बरी.

फ्लॅप हलवायला एकेकाळी हवेचे सिलिंडर सर्रास असायचे, चाकं आत घ्यायची तीच हवा. त्यात स्पिटफायरसारखंच, एक तर वर नाहीतर खाली. आता दणकट डिजिटल सर्व्हो असतात, आणि ट्रान्समीटरवर फ्लॅप तीन-चार सेकंदांत सावकाश उघडतील अशी सोय करून त्याबरोबर एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीची) भरपाई मिसळता येते. सर्व्हो निवडताना भार वेगाच्या वर्गाने वाढतो हे विसरू नये. ६० बाय १० सेंटिमीटरच्या फ्लॅपवर सेकंदाला ३० मीटर वेगात वाऱ्याचा पूर्ण दाब धरला तर भार सव्वातीन किलो आणि बिजागरीवर साधारण १६ किलो-सेंटिमीटर पीळ येतो. वेग ६० झाला की तोच पीळ ६५. घाईत जोरात असताना फ्लॅपचं बटण दाबलं की सर्व्होचे दात जातात ते यामुळे.

त्याहून धोक्याचं म्हणजे एकाच बाजूचा फ्लॅप मिटणं. २५ मे १९७९ रोजी शिकागोत डीसी-१० चं इंजिन पंखाहून सुटलं, हायड्रॉलिक नळ्या तुटल्या, आणि त्या बाजूच्या स्लॅट, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, मिटल्या. त्या स्लॅटना जागच्या जागी धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. विमान एका अंगावर कलंडलं आणि २७३ जीव गेले. मोठ्या विमानांत फ्लॅपसाठी आट्यांचे स्क्रू-जॅक असतात, ते वाऱ्याच्या दाबाने उलटे फिरत नाहीत, आणि दोन्ही पंख एका फिरत्या दांडीने बांधलेले असतात. मॉडेलमध्ये पंख सुटे काढावे लागतात, त्यामुळे ही दांडी क्वचितच जमते आणि दोन सर्व्हो एकमेकांच्या भरवशावर असतात. काहीजण निदान आट्यांचा जॅक तरी वापरतात: वीज गेली तरी फ्लॅप आहे तिथेच राहतो, दुसरी बाजू तिथेच थांबवता येते.

इतका उपद्व्याप उतरण्यासाठी लागतो का? नाही. कॉन्कॉर्ड किंवा मिराज २००० निवडणारा तर मूळ विमानालाच फ्लॅप नसल्यामुळे या भानगडीतून सुटतो. बाकीच्यांना तो करावासा वाटतो कारण स्केल स्पर्धेत (मॉडेल मूळ विमानाशी किती जुळतं याच्या स्पर्धेत) परीक्षक छायाचित्रं हातात घेऊन पंख तपासतात, आणि उड्डाणातही फ्लॅप कसे उघडले ते पाहतात. त्यात सगळ्यात अवघड तीन फटींचा. आतली पट्टी कागदाइतकी पातळ करावी लागते आणि तिला स्वतःची वेगळी चाल द्यावी लागते. बहुतेक जण ती मधल्या तुकड्याला कायमची चिकटवून मोकळे होतात. खऱ्या कारखान्यांनीही पुढे तेच केलं म्हणा. वजन आणि देखभालीला कंटाळून एअरबस ए३२० एका फटीवर आलं, बोइंग ७७७ ने आत दोन आणि बाहेर एक ठेवली.