मराठवाड्यातल्या टॉकीज आणि ‘निजाम’ सर्किट

मराठवाड्यात एखादी जुनी टॉकीज बंद पडली की दोष मोबाईलला दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. या टॉकीजचे दैव बरेच आधी, चित्रपटधंद्याच्या नकाशावर ठरले होते.

१७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. वितरकांच्या हिशेबात मात्र तो ‘निजाम’ सर्किटमध्येच, म्हणजे चित्रपट वितरणाच्या जुन्या विभागातच, राहिला. तेलंगण, कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि आपले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद असा हा इलाखा. जालना आणि लातूर हे जिल्हे १९८१-८२मध्ये वेगळे झाले, पण या यादीत ते जुन्या जिल्ह्यांच्या पोटातच. राज्य बदलले, भाषिक सीमा आखल्या गेल्या, तरी धंद्याने हैदराबादचा धागा सोडला नाही. मराठवाड्याच्या इतिहासात याची नोंद फारशी कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

या रचनेचा परिणाम थेट पडद्यावर दिसे. तीन तासांच्या चित्रपटाची फिल्म सोळा हजार फुटांच्या घरात जाते. तिची रिळे पत्र्याच्या पेट्यांत भरून गावोगाव फिरत. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघत. आधी मोठी शहरे, मग जिल्ह्याची ठिकाणे आणि शेवटी तालुक्याची गावे. रांगेत मागे असलेल्या गावाला चित्रपट उशिरा मिळे, आणि मिळे तेव्हा त्यावर ओरखड्यांचा पाऊस असे. कार्बनच्या ज्योतीवर चालणारी दोन यंत्रे सांभाळत, एक रीळ संपता संपता दुसरे सुरू करणारा ऑपरेटर तीच झिजलेली प्रिंट निभावून नेई. त्याच्या कसबाची कदर व्हायला हवी होती.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मोहन, गुलजार, स्टेडियम, सादिया, अंजली ही नावे नुसती थिएटरांची नव्हती, लोक त्यांवरून पत्ता सांगत. बाल्कनीत घरची मंडळी आणि पडद्याजवळ थर्डचा शिट्ट्या मारणारा जमाव, एकाच छताखाली.

१९८२मध्ये रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ पार्लर. खरा घाव मात्र धोरणाचा होता. २००१मध्ये महाराष्ट्राने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला. जुन्या एकपडदा मालकाला तो भरावाच लागत होता. तिकीट स्वस्त, प्रेक्षक साधा आणि कर चालू. मग खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा यांवर खर्च करायला पैसा कुठून येणार?

पुढे डिजिटल प्रक्षेपण आले आणि पेटीची वाट पाहणे संपले. मुंबईत लागणारा चित्रपट त्याच शुक्रवारी लातूरलाही लागू लागला. हे वीस वर्षे आधी घडले असते, तर चित्र वेगळे दिसले असते असे मला ठामपणे वाटते. २०१७मध्ये जीएसटी आला, तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के कर लागला. २०१९मध्ये तो १२ टक्क्यांवर आणि सप्टेंबर २०२५मध्ये ५ टक्क्यांवर आला. एकपडद्याचे बहुतेक तिकीट याच टप्प्यात बसते, पण तोपर्यंत कित्येक टॉकीजना कुलूप लागले होते.