वाटा वेगळा, पाळी वेगळी

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी एका तासात दोन भांडणं झाली. पहिलं नेवऱ्यांवरून, म्हणजे करंज्यांवरून. ताटलीत तीन उरल्या होत्या आणि दावेदार दोन: माझा पाच वर्षांचा नातू आणि त्याची चार वर्षांची आतेबहीण. सून स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "शेअर करा बघू दोघांनी." तिसरी नेवरी मधोमध मोडली, थोडं चून, म्हणजे आतलं सारण, जमिनीवर सांडलं, भांडण मिटलं.

दुसरं भांडण घुमटावरून झालं, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्यावरून. मुलांच्या हाताला पेलेल असं घूमट घरात एकच. पुन्हा सुनेचं तेच वाक्य, "शेअर करा." या वेळी नातवानं घूमट पोटाशी घट्ट धरलं, नात रडून लाल झाली, आणि शेवटी ते दोघांकडून काढून कपाटावर ठेवावं लागलं. मुलगा हट्टी झालाय, असं सगळ्यांचं मत पडलं. माझं पडलं नाही. तासाभरापूर्वीच त्यानं पाहिलं होतं की 'शेअर' केलेली अर्धी नेवरी बहिणीच्या तोंडात गेली आणि परत आली नाही. मग घूमट दिलं तर ते परत येईल, हे त्यानं कशावरून समजायचं?

बालवाडीत मी बावीस वर्षं शिकवलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मैत्रीत जी रडारड होते, तिच्यातली कितीतरी या एका गोंधळातून येते. आपल्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, वाटा आणि पाळी. 'शेअर कर' या एका हुकुमात आपण दोन्ही कोंबतो. मोठ्यांना हा फरक चांगला कळतो. कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, नारळ पाडले की ढीग करून, मोजून वाटे पडतात. प्रत्येकानं आपला वाटा घरी न्यायचा. त्याच कुळागरात पाटाचं पाणी सोडायचं असेल तर मात्र पाळी लागते. पाण्याचे कुणी वाटे घालत नाही. आज तुझ्या बाजूला, उद्या माझ्या बाजूला. नारळ आणि पाणी यांत आपण कधी गल्लत करत नाही. मुलांच्या बाबतीत रोज करतो.

ओळखायची खूण सोपी आहे. दिल्यावर जे संपतं, त्याचा वाटा: नेवरी, पेरू, चिकटचित्रं, मातीचा गोळा. दिल्यावर जे जसंच्या तसं परत येतं, त्याची पाळी: झोका, सायकल, बॅट, बाईंच्या शेजारची जागा. घूमट तर पाळीचं अगदी चोख उदाहरण. एका हातानं कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं मागचं तोंड उघडझाप करून आवाज फिरवायचा. दोन्ही हात एकाच माणसाचे लागतात. ते दोघांनी मिळून वाजवणार तरी कसं?

आधी वाट्याबद्दल, कारण ते तुलनेनं सोपं. समसमान वाटावं हे लहान मुलांना कळत नाही, असा आपला समज असतो. 2013 साली क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना चिकटचित्रं देऊन पाहिलं. अर्धी द्यायला हवीत, हे तीन वर्षांची मुलंही सांगत होती. प्रत्यक्ष द्यायची वेळ आली की ती जास्त आपल्याकडे ठेवत. सांगणं आणि करणं यांचा मेळ सात-आठ वर्षांच्या आसपास बसत होता. म्हणून चार वर्षांच्या मुलाला "कळत नाही का तुला?" असं ओरडण्यात अर्थ नाही. कळतं. हातून सुटत नाही.

हातून सुटावं यासाठी दोन गोष्टींचा उपयोग होतो. पहिली म्हणजे एकत्र काम. काटारीना हामान आणि मायकेल टोमासेलो यांच्या गटानं 2011 मध्ये दाखवलं की तीन वर्षांच्या दोन मुलांनी मिळून दोरी ओढून बक्षीस मिळवलं आणि एकाकडे तीन, दुसऱ्याकडे एक अशी वाटणी पडली, तर जास्त मिळालेलं मूल पुष्कळदा आपणहून एक देऊन बरोबरी करतं. तेच बक्षीस नुसतं आयतं मिळालं तर इतक्यांदा देत नाही. हे वाचलं तेव्हा मला माटोळी आठवली, गणपतीच्या वर फळंपानं बांधून सजवतात ती चौकट. आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस बांधायला मुलांना सोबत घेतलं की नंतरच्या खाऊवरून कुरबुर कमी होते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. कारण तेव्हा उमगलं.

दुसरी गोष्ट म्हणजे निवड. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर यांनी 2013 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. एका उदास बाहुल्याला आपल्याकडचं द्यायचं की आपणच ठेवायचं, असा ज्यांना मोकळेपणानं निर्णय घ्यायला मिळाला, त्यांनी पुढच्या वेळी दुसऱ्या बाहुल्याला जास्त दिलं. ज्यांना द्यावंच लागलं, त्यांनी कमी. हातातून ओढून घेऊन दिलेलं दान मुलाच्या खात्यावर जमा होत नाही, आपल्याच होतं.

आता पाळी. ही खरी अवघड, आणि मैत्रीला हीच जास्त लागते. पाळी पाळायला मुलाला तीन गोष्टी एकदम जमाव्या लागतात: वस्तू परत येईल यावर विश्वास, तोवर थांबण्याची ताकद, आणि थांबताना समोरच्याचा आनंद बघवणं. आलिशिया मेलिस आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास आहे. दोन मुलांनी मिळून दोरी ओढायची, पण प्रत्येक खेपेला बक्षीस दोघांपैकी एकालाच. पाच वर्षांच्या जोड्यांनी आलटून पालटून घ्यायला सुरुवात केली आणि खेळ चालू ठेवला. साडेतीन वर्षांच्या जोड्यांना ते तितकंसं जमलं नाही. म्हणजे माझा नातू पाळी शिकण्याच्या उंबरठ्यावर होता आणि नात त्याच्या बरीच अलीकडे. दोघांना एकच नियम सांगून मोकळं होण्यासारखं हे नव्हतं.

लहान मुलाला मिनिटं कळत नाहीत. "पाच मिनिटांनी तिला दे" हे वाक्य त्याच्यासाठी "कधीतरी दे" इतकंच असतं. आणि आपणही पाच म्हणून दोन मिनिटांत ओढून घेतो, तेव्हा विश्वास जातो. शेवट डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असा हवा. झोक्याचे वीस हेलकावे, मोठ्यानं मोजून. विहिरीपर्यंत सायकल आणि परत. घुमटासाठी एक आरती. आरती कुठं संपते हे दोन वर्षांच्या पोरालाही पाठ असतं, त्याला घड्याळ लागत नाही.

मोजायचं काम थांबणाऱ्या मुलाकडे द्यावं. नुसतं थांबणं म्हणजे छळ असतो. मोजत थांबणं म्हणजे खेळात असणं. आमच्या लहानपणी लगोरीत किंवा विटीदांडूत हे कुणी शिकवलं नाही, खेळच शिकवत होता. चकून राज्य कुणावर ते ठरायचं आणि अगदी लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून सांभाळून घेतलं जायचं. वाड्यावर तेवढी मुलं आता एकत्र जमत नाहीत, म्हणून हे आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

आणि ज्याची पाळी चालू आहे, त्याला "अजून माझं झालं नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे. हे मी जोर देऊन सांगते, कारण आपल्या घरांत इथंच चूक होते. पाहुण्यांचं मूल आलं की "दे रे त्याला, पाहुणा आहे तो." धाकटं रडलं की "तू मोठा ना, सोड." पालक हे भलेपणानं करतात, मीही केलंय. पण मोठ्या मुलाच्या मनात काय उतरतं? रडणाऱ्याला वस्तू मिळते, आणि चांगलं असणं म्हणजे आपलं सोडणं. असं मूल पुढं शाळेत डबा, पेन्सिल, जागा सगळं देत सुटतं, नाही म्हणायला घाबरतं, आणि आपण म्हणतो किती गुणी. बालवाडीत अशी दोन-तीन मुलं तरी दरवर्षी असायची. दंगेखोरांपेक्षा त्यांची मला जास्त काळजी वाटायची. धाकट्याचंही भलं होत नाही. रडण्याचा भाव तेवढा वाढतो.

पाहुण्यांपुढं अवघडल्यासारखं होतं, हे खरं. तेव्हा पाहुण्या मुलाशी आपणच बोलावं: "त्याची पाळी चालली आहे बाळा, संपली की तुझी. तोवर ये, आपण मोजूया." पाहुणचारही राहतो आणि आपल्या मुलाचा शब्दही.

एक छोटा कप्पा या दोन्हींबाहेरचा. ज्या चिंधीच्या बाहुलीशिवाय मूल झोपत नाही, तिचा वाटा नाही आणि पाळीही नाही. दुसरी मुलं घरी येणार असतील तर ती आधीच आत ठेवून द्यावी.

त्या संध्याकाळी मी घूमट कपाटावरून खाली काढलं आणि दोघांना समोर बसवलं. नेवरी मोडली तसं हे मोडायचं नाही, एवढंच सांगितलं. एक आरती तुझी, एक तिची. ज्याचं घूमट नाही, त्यानं कासाळे, म्हणजे झांजा, धरायचे. पहिल्या दिवशी नातवानं तीनदा विचारलं, "मग परत मला?" तीनदा हो म्हटलं आणि तीनही वेळा ते परत त्याच्याकडे गेलं. तिसऱ्या दिवशी विचारणं थांबलं. पाचव्या दिवशी, विसर्जनाआधीच्या आरतीला, शेजारचा मुलगा येऊन थेट घुमटाला हात घालू लागला. मी उठणार तेवढ्यात चार वर्षांच्या नातीनं कासाळे खाली ठेवले आणि त्याला बोटांवर मोजून कोकणीत समजावलं, आधी तो, मग मी, मग तू: "आदीं तो, मागीर हांव, मागीर तूं."